बाल्ला यांच्या घरातले कपडे

रोमला जाणारे आपले लोक कोलोसियम पाहतात, व्हॅटिकन पाहतात, शुक्रवार असेल तर शहराच्या उत्तर भागातल्या मोठ्या मशिदीत जुम्म्याची नमाज अदा करतात आणि परत फिरतात. सवड असेल तर आणखी एक घर पाहावं. व्हॅटिकनपासून पायी जाता येईल अशा व्हिया ओस्लाव्हिया या रस्त्यावर, एका साध्या निवासी इमारतीत ते आहे. बाहेरून काहीच कळत नाही. आत भिंती, दारं, खुर्च्या, स्वयंपाकघरातलं सामान, सगळ्यांवर रंग. २०२१ साली रोमच्या माक्सी संग्रहालयाने ते लोकांना पाहण्यासाठी खुलं केलं. आधी नोंदणी करावी लागते.

हे घर चित्रकार जाकोमो बाल्ला यांचं. १८७१ साली तुरीनला जन्म. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. आपल्याकडे दर्जी मंडळी हजरत इद्रीस (अ.स.) यांचं नाव आदराने घेतात, कारण सुईने कपडा शिवण्याची सुरुवात त्यांनी केली असं मानतात. बाल्लांच्या घरी सुईचं नातं आईपासूनच होतं.

१९१२ मध्ये ते जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला एका कुटुंबाचं घर सजवायला गेले. त्याच सुमारास त्यांनी एक चित्रमालिका सुरू केली. तिच्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. एकमेकांत घुसणारे रंगीत त्रिकोण, जणू प्रकाशाचे तुकडे. ही चित्रं पाहिली की कापडावरची नक्षीच आठवते, आणि बाल्ला यांनाही तसंच वाटलं असावं. त्याच वर्षांत त्यांनी स्वतःसाठी आगळेवेगळे कोट काढायला सुरुवात केली. १९१४ मध्ये तर पुरुषांच्या कपड्यांवर जाहीरनामाच लिहिला. काळे, करडे, पट्ट्यापट्ट्यांचे, चौकडीचे कपडे नकोत. कोटाच्या दोन्ही बाजू सारख्या नकोत. दोन बुटांचा आकार आणि रंगही वेगळा हवा. शिवाय कापडाचे सुटे तुकडे असावेत, मन बदललं की बटणाने कोटावर लावावेत. एखाद्या लहान मुलाने ठरवावेत असे हे नियम!

गंमत इथेच थांबती तर बरं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीरनाम्याची इटालियन आवृत्ती निघाली तिचं नाव होतं ‘तटस्थताविरोधी पोशाख’. युरोपात युद्ध पेटलं होतं, इटली अजून बाहेर होती आणि बाल्ला व त्यांच्या मित्रांना ती युद्धात उतरायला हवी होती. झेंड्याच्या लाल, पांढऱ्या, हिरव्या रंगाचे कोट त्यासाठी. मे १९१५ मध्ये इटली युद्धात उतरली आणि लाखो तरुण मेले. त्या त्रिकोणांचं सौंदर्य मान्य करूनही हे विसरता येत नाही.

जाहीरनाम्यातली आणखी एक गोष्ट मला खटकते. कपडे फार टिकू नयेत, म्हणजे नवे नवे घेता येतील आणि कापडधंदा चालेल, असं त्यात म्हटलं आहे. इसराफ म्हणजे हाच की! आजचा कपड्यांचा बाजार याच तत्त्वावर चालतो.

पण घरात चाललं ते वेगळंच. बाल्ला १९२९ मध्ये बायको एलिसा आणि दोन मुलींसह इथे राहायला आले. थोरली लुचे, म्हणजे प्रकाश. धाकटी एलिका, म्हणजे विमानाचा पंखा. दोघी चित्रं काढायच्या. लुचेचा हात विणकाम-भरतकामातही चांगला होता. वडिलांचे आराखडे कापडावर उतरले त्यात घरातल्या बायकांच्या हातांचा मोठा वाटा होता, आणि संग्रहालयांतल्या पाट्यांवर नाव मात्र बहुधा एकट्या बाल्लांचं असतं. एलिकाने पुढे वडिलांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं.

बाल्ला १९५८ मध्ये वारले. मुली त्यानंतरही याच घरात राहिल्या, १९९० च्या दशकात आपापल्या मृत्यूपर्यंत. कोट, टाय, स्कार्फ, पिशव्या, बूट, जे टिकू नये असं वडील लिहून गेले होते ते सगळं त्यांनी जपून ठेवलं. आज आपण जे पाहायला जातो ते तेच.