सहा हजार आठशे रुपये

मंडळी, माझी बँकेत दोन खाती आहेत. एक पेन्शनचे, त्यावर माझ्यापेक्षा सौ.ची नजर जास्त! दुसरे 2015 साली गॅसच्या सबसिडीसाठी आधार जोडून ठेवलेले. सबसिडी पुढे इतकी किरकोळ झाली की त्या खात्याकडे मी बघणेच सोडून दिले. त्याला जोडलेला मोबाइल नंबरही कधीच बंद पडला. 2025 च्या डिसेंबरात कपाट आवरताना ते पासबुक हाती लागले, म्हटले चला, भरून तरी आणू.

मशीनने कर्रकर्र करत पाने छापली. शेवटच्या दोन ओळी पाहून मी चष्मा पुसला. जमा 6,800. त्याखाली काही दिवसांच्या अंतराने, जमा 8,000.

आयुष्यभर दर महिन्याच्या पगाराचा पैन् पै हिशेब वहीत लिहिणारा माणूस मी. न मागता आलेले चौदा हजार आठशे रुपये म्हणजे मला आनंद कमी आणि अंगावर काटा जास्त. सौ. म्हणाली, "अहो, हात लावू नका हं. हल्ली चुकून पैसे आले, परत पाठवा असे फोन येतात आणि आपलेच खाते रिकामे होते."

मग बसलो एकेक नाव खोडत. महागाई भत्त्याचा फरक? तो पेन्शनच्या खात्यात येतो. ठेवीचे व्याज? ठेव त्या खात्यावर नाहीच. पीएम किसानचा हप्ता दोन हजारांचा, शिवाय दहा हजारांवर पेन्शन घेणाऱ्याला तो मिळतच नाही. लाडकी बहीण म्हणावे तर आमच्या घरातली बहीण केव्हाच पासष्टीच्या पुढे गेली (हे वाक्य सौ.ने वाचून कापायला सांगितले होते, कापलेले नाही).

दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत. काउंटरवरच्या मुलीने पडद्याकडे पाहून सांगितले, "काका, आधारवरून आलेत. सरकारी दिसतात." मग समजावले की असे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे आपोआप जाऊन पडतात. म्हणजे मी ज्या खात्याला विसरलो होतो, त्याला सरकार विसरले नव्हते.

सरकारी म्हटल्यावर काळजी मिटायला हवी होती. ती वाढली. आमच्या जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत मागच्या काही वर्षांच्या अतिवृष्टी अनुदानात कोट्यवधींचा घोळ झाल्याचे 2025 मध्ये बाहेर आले होते. बोगस लाभार्थ्यांच्या नावाने पैसे उचलले गेले, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. हे सगळे मी सकाळच्या चहाबरोबर पेपरात वाचलेले, आणि आमचे गाव घनसावंगी तालुक्यातलेच. आपले नाव तर कुणी कुठल्या यादीत घुसडले नसेल ना? रात्री झोप लागेना.

उठून दिवा लावला आणि दोन्ही आकडे कागदावर मांडले. सहा हजार आठशे आणि आठ हजार. शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे हात आपोआप चालला. आठशेने भाग दिला तर साडेआठ आणि दहा. साडेआठ आणि दहा... आणि एकदम उजेड पडला! सप्टेंबरच्या पुरानंतर ऑक्टोबरात सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीच्या बियाणांसाठी वगैरे हेक्टरी आणखी दहा हजार. म्हणजे ज्याची जमीन 80 आर, त्याला बरोबर 6,800 आणि 8,000.

80 आर म्हणजे दोन एकर. गावाकडे वडिलांची चार एकर जमीन आहे, थोरल्या दादांची आणि माझी, निम्मी निम्मी. मी नोकरीसाठी जालन्याला आलो तेव्हापासून ती सगळी दादांनीच कसली, आणि 2021 मध्ये दादा गेल्यावर पुतण्या कसतो. 2025 च्या सुरुवातीला त्यानेच मला सेतू केंद्रात नेऊन शेतकरी ओळखपत्र काढून दिले होते. ज्यांचे ते आहे त्यांना वेगळी केवायसी लागली नाही, पैसे थेट आले. गणित सुटले. मी खूश. सकाळी सात वाजताच पुतण्याला फोन लावला.

"अरे, अनुदान आले बरं का! तुझे किती आले?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "माझं नाही आलं काका. ते दादांच्या नावावर हाय ना अजून."

तो वडिलांना दादाच म्हणतो. मला पुढचे काही ऐकायचीच गरज उरली नाही.

मंडळी, इथे मला थोडे खरे बोलायला हवे. दादा जालन्यातच दवाखान्यात गेले, म्हणून मृत्यूचा दाखला मी काढायचा आणि गावी द्यायचा असे ठरले होते. तो जोडून वारसांचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र तलाठीच) द्यायचा होता. दाखला मी काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. पुतण्याने दोनदा आठवण केली. मी म्हणालो, पुढच्या वेळी येताना आणतो. 2025 च्या एप्रिलमध्ये सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली, तेव्हा ती बातमी मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणालो, लोक किती आळशी असतात बघ. त्या दिवशी पासबुक सापडले ना, ते त्याच पिशवीखाली होते.

मी विचारले, "मग माझे आले हे तुला माहीत होते?"

"हो. यादी लागली होती पंचायतीत. तुमचं नाव पाहिलं."

"मग कामून सांगितलं नाही?"

"तुम्हाला म्हणायचं कसं, काका."

त्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, जायकवाडीचे दरवाजे उघडले होते, तेव्हा मी जालन्यात टीव्हीवर पाणी बघत होतो. तो गुडघाभर चिखलात उभा राहून सोयाबीन कुजताना बघत होता. पंचनाम्याला तोच गेला, माझ्या वाट्याचाही त्यानेच दाखवला. नुकसान सारखेच, बांधही नाही मधे. पैसे मात्र माझ्या अर्ध्यावर आले आणि त्याच्या अर्ध्यावर नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौदा हजार आठशे रुपये काढले, पिशवी घेतली आणि एसटीने गाव गाठले. पैसे वहिनींपुढे ठेवले. वहिनींनी हात लावला नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या वाट्याचं तुम्ही ठेवा. पोराच्या वाट्याचं काय ते बघा." रागावून नाही, चुलीकडे बघत साधेपणाने म्हणाल्या. मला बोललेच असते तर बरे झाले असते.

शेवटी हरभऱ्याचे बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणले होते, ते बिल पुतण्याबरोबर जाऊन मी भरले. उरलेले तिथेच देव्हाऱ्यात ठेवून आलो, कुणी उचलले की नाही ते विचारलेले नाही. वारसांच्या अर्जावर वहिनी, पुतण्या आणि त्याच्या दोन्ही बहिणी अशी चारही नावे मीच लिहिली. पुतण्या बहिणींच्या नावांपाशी जरा घुटमळला होता, त्याला म्हटले, लिहायचीच. ते दुखणे वेगळे, त्यावर पुन्हा कधीतरी.

असो. फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस लागायची आहे. दाखल्याची झेरॉक्स पुसट आली म्हणून मूळ प्रत दाखवायला सांगितले आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने पुन्हा जातो आहे, पिशवी आजच दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे.