बारा शिकंजे

गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ आमच्या घरात मला कुणी काही विचारायला येत नाही. कुकर लावलेला असतो, कानाला फोन आणि मांडीवर वही. शनिवारच्या सुतारकामाच्या वर्गाला ज्यांनी नावं दिलीत, त्यांना एकेक करून फोन करायचा. प्रश्न एकच, "शनिवारी येताय ना?" उत्तरं मात्र तऱ्हेतऱ्हेची. "बघते" म्हणणारी बहुधा येते. "हो हो, नक्की नक्की" म्हणणारा येत नाही. एकदा 'नक्की' म्हटलं तर थोडी आशा असते, दोनदा म्हटलं की मी नावापुढे पेन्सिलीने टिंब देते. आणि "येताना काय आणायचं?" असं जो विचारतो, तो मुसळधार पावसातही येतो. त्याचं नाव शाईने.

आमची कार्यशाळा स्वारगेटच्या चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवर, शंकरशेठ रस्त्याच्या आतल्या बाजूला एका जुन्या गोदामात भरते. तिथल्या बाकांना बारा शिकंजे बसवलेत. लाकूड शिकंज्यात घट्ट धरल्याशिवाय रंधा चालत नाही, म्हणून एका वर्गाला माणसं बारा. तेरावा आला तर नुसता बघत उभा राहणार, आणि बघून सुतारकाम येत नाही. शिकवायला दोन मिस्त्री आहेत. पटाशी, गुण्या, करवत हा त्यांचा प्रांत. बारा शिकंज्यांपाशी बारा माणसं उभी करणं हा माझा. यात काय एवढं, नावं तर लिहायची, असं मलाही वाटलं होतं. मार्केट यार्डात एका गाळ्यावर बावीस वर्षं हिशेब लिहिलाय. बारा नावांची वही मला काय जड!

पहिल्या वर्षी वर्ग फुकट ठेवला. नावं पंचवीस-तीस यायची, शनिवारी माणसं पाच-सहा. टिंबर मार्केटातून मापात कापून आणलेल्या फळ्या तशाच भिंतीला टेकून राहायच्या आणि मोठे मिस्त्री त्यांच्याकडे न बोलता बघत बसायचे. बोलले असते तर बरं झालं असतं. मग २०० रुपये अनामत ठेवली, आलात की परत. नावं निम्म्याने घटली आणि माणसं दुप्पट झाली. कित्येक जण परत घेतही नाहीत, करवतीच्या पात्यांसाठी म्हणून डब्यात टाकतात. ज्यांना २०० जड जातात त्यांच्या नावापुढे मी 'मिळाले' असं लिहून मोकळी होते. हे मिस्त्रींनाही माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

प्रचारात मात्र माझा सपशेल पोपट झाला. दाराशी एवढं मोठं एसटी स्टँड, सातारा-कोल्हापूर-भोरच्या गाड्या, शेजारी पीएमपीचा डेपो. माणसांना काय तोटा? हजार पत्रकं छापली, दोन पोरं उभी केली. त्या महिन्यात त्यातून एकही फोन आला नाही. नंतर स्टँडसमोर आमच्याच पत्रकाच्या पुडीत मला खारे दाणे मिळाले. स्वारगेटला माणूस येतो तो दुसरीकडे जायला. हातात बॅग, डोळा फलाटावर, कडेवर पोर. त्याला सुतारकाम कुठलं सुचतंय!

उलटा अनुभव पिठाच्या गिरणीचा. तिथे डबा ठेवून माणूस दहा मिनिटं उभा असतो आणि बघायला समोर भिंत सोडून काही नसतं. त्या भिंतीवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवला आणि पहिल्याच आठवड्यात चार नावं आली. तेव्हापासून माझी जाहिरात जिथे थांबावं लागतं तिथेच लागते: गिरणी, केशकर्तनालय, डॉक्टरांच्या दवाखान्यातला बाक, इस्त्रीवाल्याची टपरी. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकतो, पण सोसायटीच्या ग्रुपवर ती सुप्रभातच्या फुलांखाली दुपारपर्यंत गाडली जाते.

कागदावर काय लिहायचं हेही तिथेच कळलं. आधी लिहायची, 'सुतारकाम प्रशिक्षण कार्यशाळा'. ते वाचून निवृत्त इंजिनिअर यायचे, आणि मिस्त्रींना गुण्या कसा धरावा हे शिकवायचे. एकदा सहज लिहिलं, 'मोडलेली खुर्ची घेऊन या, नीट करून घेऊन जा.' त्या शनिवारी बारांत सात बायका होत्या. लोहियानगरातून एक आली, पुढच्या वेळी तिच्याबरोबर तिची जाऊ आणि शेजारीण. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. माझी आजी पुढे तिथे शिवण शिकली, ती कुठली जाहिरात वाचून नव्हे. शेजारची जात होती म्हणून.

मध्यंतरी आमच्यातल्या तरुण मंडळींनी धरलं, पाबळसारखी यंत्रं आणू. म्हटलं, आधी बघून तर येऊ. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून हा माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब झाली. पोरं यंत्रांपाशी रमली, मी दुसरंच बघत होते. तिथल्या शिक्षणात मुलं जे शिकतात ते गावाच्या उपयोगी पडतं. कुणाच्या शेतातली माती तपासून द्यायची, कुणाचं फाटक वेल्डिंग करून द्यायचं. गावाला काम करून दिलं की आपण कोण हे वेगळं सांगत बसावं लागत नाही. परत येताना एसटीत ठरवलं, महिन्याचा शेवटचा शनिवार दुरुस्तीचा. त्या दिवशी शिकलेल्यांनीच आजूबाजूच्यांचे पाट-चौरंग नीट करून द्यायचे. यंत्रं अजून आणलेली नाहीत.

तारीख धरायची तर आधी कालनिर्णय समोर लागतं. दहावीची परीक्षा, लग्नाची दाट तिथी, गणपतीचे दिवस हे सोडायचे. शनिवारी संकष्टी आली तर सारसबागेकडून येणारे उशिराच पोचणार. पितृपक्षात मात्र वर्ग तुडुंब, कारण कुणाकडे काही कार्य नसतं. सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि वहीत पिंपरी-चिंचवडची नावं दिसू लागली. आता पिंपरीचा माणूस दहाला पाच कमी असताना दारात असतो आणि पर्वतीचा सव्वादहाला रिक्षातून फोन करतो.

एकदा मात्र माझ्याच हातून घोळ झाला. नावं वहीत होती आणि मोबाइलवरच्या फॉर्मातही होती. मी मोजली वहीतली आणि फॉर्म बंद करायला विसरले. सकाळी दहाला दारात एकोणीस माणसं. माफी मागितली, पुढच्या शनिवारी पहिला नंबर देईन म्हटलं, सहा जण परत गेले. एकाने जाताना नियोजन म्हणजे काय यावर चार शब्द ऐकवले. पुणंच ते, त्यात गैर काही नव्हतं. सातव्या बाई भोरहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या, काखेत एक चौरंग, त्याचा एक पाय पिशवीत. मी म्हटलं, "मावशी, जागा नाही हो. उभं राहावं लागेल दोन तास." त्यांनी चौरंग भिंतीच्या कडेला लावला, मोडक्या कोपऱ्याखाली दोन विटा सरकवल्या आणि पदर सावरून बसल्या. "उभी कशाला ऱ्हाऊ? बसायला आणलंय की म्या."

साडेअकराला एक शिकंजा मोकळा झाला. मोठ्या मिस्त्रींनी त्यांना स्वतः बोलावलं, कूस कशी काढायची, साल किती खोल घ्यायचं ते दाखवलं. एकच्या सुमाराला चौरंग चार पायांवर उभा. त्यावर त्यांनी पुन्हा बसून बघितलं, मग मलाही बसवलं.

त्या दिवसापासून वही एकच. फॉर्मात आलेलं नाव मी हाताने उतरवते आणि बारा झाली की खाली रेघ मारते.

या शनिवारच्या यादीत अकरा नावांचे फोन झालेत. बारावं नाव गिरणीतल्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून गेलंय, 'एक जण, स्टूल घेऊन', आणि पुढे नंबर नाही. ते तुम्ही असाल तर शुक्रवारी दुपारपर्यंत गिरणीत तेवढा नंबर ठेवून जा.