वेताळाचं लग्न

आमची शाखा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. पंचतारांकित ती वसाहत, चहा टपरीवरचाच. त्या चहावर परवा वाद रंगला. १९३६ साली अवतरलेल्या वेताळानं १९७७ साली डायनाशी लग्न केलं, हे बरं केलं का? लग्नाला जादूगार मँड्रेक पाहुणा. दोघांचा जन्मदाता ली फॉक. म्हणजे घरचंच कार्य!

'इंद्रजाल कॉमिक्स'वर वाढलेले कॅशियर म्हणाले, "लग्न झालं अन् मजा गेली." कर्जविभागातल्या बाई उसळल्या, "एक्केचाळीस वर्षं! गृहकर्जसुद्धा तिसात फिटतं." शिपाईमामा म्हणाले, "मारामाऱ्या कुणीबी करंल. एवढी वर्षं थांबली ती पोरगी. खरी वीर तीच."

सगळे गप्प. मँड्रेकनं तर नार्दाला १९९७ पर्यंत ताटकळवलं होतं. मी मुकाट्यानं घरी फोन लावला, "आज वेळेवर येतो."

"कोण बोलतंय?" पलीकडून प्रश्न आला.