ठिपक्यांची रांगोळी

रांगोळीचे दोन पंथ आहेत. पहिला मुक्तहस्त मंडळींचा. बाई उंबऱ्याशी बसते, चिमटीतून पांढरी रेघ सोडू लागते आणि बघता बघता वेल चढतो, मोर पिसारा उघडतो. दुसरा पंथ ठिपक्यांचा. आधी मोजून ठिपके पाडायचे, ओळीला ओळ जुळवायची, घाई म्हणून करायची नाही. पहिल्या पंथाला लोक कला म्हणतात आणि दुसऱ्याला सवय. मी स्वतः रांगोळी काढत नाही, तरी माझे मत दुसऱ्या पंथाला आहे. कारण गेली कित्येक वर्षे मी एका काचेवर ठिपके पडताना पाहत आलो आहे, आणि माणसांविषयी मला जे थोडेफार उमगले त्यातले पुष्कळसे त्या ठिपक्यांनी शिकवले आहे.

ही काच एका ऑसिलोस्कोपची. दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी हिरवी रेघ उड्या मारत पुढे जाताना पुष्कळांनी पाहिली असेल. ऑसिलोस्कोप हा त्याच कुळातला थोरला भाऊ. विजेचा दाब क्षणोक्षणी कसा चढतो-उतरतो, त्याचे चित्र तो काढतो. माझ्याकडचा आहे टेक्ट्रॉनिक्सचा 547, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या कंपनीचा, 1960 नंतरच्या दशकातला. वजन तीस किलोच्या आसपास, पोटात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकत्र नांदणारे आणि मागे घोंगावणारा पंखा. ज्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, तिथल्या मोडीच्या लिलावात मी तो घेतला आणि हातगाडीवरून घरी आणला. दारात उभे राहून आमच्या हिने एकच प्रश्न विचारला, "अहो, ह्याच्यात निदान दळण तरी होतं का?"

दळण होत नाही. पण त्याच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूस एक रिकामा कप्पा आहे आणि खरी मौज तिथे आहे. संदुकीत खण सरकवावा तसे त्यात निरनिराळे खण सरकवता येतात. इंग्रजीत त्याला प्लग-इन म्हणतात. खण बदलला की यंत्राचा स्वभाव बदलतो. माझा जीव जडला आहे तो 1एस1 नावाच्या खणावर. हा सॅम्पलिंगचा, म्हणजे नमुने वेचणारा खण. नेहमीचा खण लावला तर 547 सेकंदाला पाच कोटी आंदोलनांपर्यंतची लाट नीट दाखवतो. 1एस1 सरकवला की हीच मजल शंभर कोटींवर जाते. सेकंदाचा शंभर कोटीवा भाग म्हणजे नॅनोसेकंद. एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढाच जातो!

आता तुम्ही म्हणाल, यंत्र तेच, काच तीच, मग एका खणाने ते वीसपट चपळ कसे झाले? तर ते चपळ होतच नाही. ते धूर्त होते. समजा, अंगणातल्या झोपाळ्यावर एक पोर जोरात झोके घेत आहे आणि तुम्हांला डोळे मिटून बसायचे आहे. फक्त प्रत्येक झोक्याला एकदा, निमिषमात्र, डोळे उघडायची परवानगी आहे. पहिल्या झोक्याला तुम्ही अगदी सुरुवातीला उघडता. दुसऱ्याला किंचित उशिरा. तिसऱ्याला आणखी किंचित उशिरा. असे शंभर झोके झाले की तुमच्यापाशी शंभर दर्शने जमतात. ती ओळीने मांडली की एका झोक्याचे संपूर्ण चित्र तयार होते. चित्र एका झोक्याचे, पण प्रत्यक्षात त्यातले प्रत्येक दर्शन वेगळ्या झोक्यातले. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो. हा खण हजार वेळा रांधलेल्या भाताच्या हजार हंड्यांतून एकेक शीत उचलतो आणि मग एक हंडी कशी शिजली ते सांगतो.

युक्ती तशी जुनी आहे. झुबेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1880 मध्ये विजेच्या लाटेचा आकार असाच बिंदूबिंदूने शोधला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच देशातल्या ऑस्पितालिए यांनी शंभरातल्या एकेका लाटेचा अंश टिपणारे आणि आपोआप रेघ काढणारे यंत्र केले. इंग्लंडात मॅक्वीन यांनी 1952 मध्ये ऑसिलोस्कोपसाठी हीच वाट दाखवली आणि 1960 च्या सुमारास अमेरिकेत असे स्कोप बाजारात आले. मात्र एक अट झुबेरपासून आजतागायत सुटलेली नाही. गोष्ट पुन्हा पुन्हा घडली पाहिजे. एकदाच कडाडून गेलेली वीज, एकदाच तोंडून निसटलेला शब्द, याबद्दल माझ्या खणाला काहीही सांगता येत नाही. तो फक्त नित्याचे जाणतो.

असला प्राणी पाळायचा तर त्याचे सोवळेओवळे सांभाळावे लागते. नमुना उचलणारे त्याचे दार म्हणजे जुळवून निवडलेल्या नाजूक डायोडांची चौकट. ते उघडते आणि मिटते ते नॅनोसेकंदाच्याही अंशात. टेबलावर नुसत्या पडलेल्या केबलमध्ये साठलेला विजेचा चोरटा भार त्याचा बळी घ्यायला पुरेसा होतो. म्हणून केबल जोडण्याआधी तिची आतली तार बाहेरच्या वेष्टणाला टेकवून तो भार उतरवायचा. पाहुण्याने उंबऱ्याबाहेर पाय धुऊन आत यावे, तसे. जोडणीची टोके जनरल रेडिओ पद्धतीची. त्यांत नर-मादी असा भेदच नाही, कोणतेही टोक कोणत्याही टोकाशी जुळते. 547 च्या पोटात चिनी मातीच्या खाचेदार पट्ट्या आहेत आणि खाचांना चांदीचा मुलामा. साधा डाख दिला तर तो मुलामा विरघळून जातो. म्हणून चांदी घातलेल्या सोल्डरचे छोटेसे रीळ कंपनी यंत्राच्या आतच ठेवून देई. मुलीच्या पाठवणीत आईने सुईदोरा घालावा, तशी ही दृष्टी. पंख्यामागची गाळणी मी साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवतो. यंत्र सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटे त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, तापू देतो. खणात टनेल डायोड आहेत. या डायोडाचा शोध जपानच्या लिओ एसाकी यांनी 1957 मध्ये लावला आणि 1973 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज हे डायोड दुकानात सहजासहजी मिळत नाहीत. तेव्हा आहेत त्यांना जपणे, हाच त्यांचा पुरवठा.

पण या सगळ्या देखभालीत मला जे काम सर्वांत आवडते ते एका स्क्रूचे. त्यासाठी खणाच्या आतली एक गंमत सांगितली पाहिजे. हा खण प्रत्येक वेळी नव्याने मोजमाप करीत नाही. मागच्या ठिपक्याची उंची तो एका स्मरणकोशात जपून ठेवतो. पुढचा नमुना उचलताना तो एवढेच पाहतो, की मी जे धरून चाललो होतो आणि आता जे दिसते आहे त्यांत फरक किती? मग तेवढ्या फरकाने तो आपली जुनी समजूत दुरुस्त करतो आणि त्या उंचीवर नवा ठिपका टाकतो. ही दुरुस्ती किती मात्रेने करायची, ते तो स्क्रू ठरवतो. तपासायची रीत सोपी आहे. एकदम उभी चढणारी चौकोनी लाट द्यायची, ठिपके विरळ ठेवायचे आणि चढणीनंतरचा पहिला ठिपका कुठे पडतो ते पाहायचे. मात्रा एकाहून कमी असेल, तर तो ठिपका निम्म्या वाटेतच थबकतो. पुढचा थोडा वर, त्यापुढचा आणखी थोडा वर. मात्रा एकाहून जास्त असेल, तर तो सत्याच्या पलीकडे उडी मारतो आणि मग वरखाली डोलत राहतो. मात्रा बरोबर एक असेल, तर पहिलाच ठिपका जिथे पडायला हवा तिथे पडतो.

या तिन्ही मात्रा मी आमच्या घरात पाहिल्या आहेत.

माझा थोरला भाऊ, दादा, सोळाव्या वर्षी परीक्षेच्या फीचे पैसे घेऊन साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून मुंबईला निघून गेला. ही 1959 ची गोष्ट. पैसे सिनेमात आणि खानावळीत संपले. मग एका कापडगिरणीत तो बदली कामगार म्हणून लागला आणि पुढे कायम झाला. अण्णांच्या स्मरणकोशात त्या दिवशी जो ठिपका पडला तो पडला: "हा पैसा राखायचा नाही." नोकरी लागल्यावर दादाची मनिऑर्डर दर महिन्याला येई. अण्णा सही करीत, नोटा आईच्या हातात देत आणि म्हणत, "या महिन्याला तरी आली!" वर्षामागून वर्षे गेली, मनिऑर्डरी दोनशेच्या वर गेल्या, पण "तरी" काही गेले नाही.

आत्याची तऱ्हा उलटी. दादाचे पत्र आले की तो श्रावणबाळ. पत्र लांबले की कुळाला बट्टा. तिची मात्रा दोन. सत्य तिच्या एका उडीच्या अलीकडे असे, नाहीतर पलीकडे. आणि आई? दादा गणपतीला घरी आला की ती त्याला दारातच उभा करून नखशिखान्त पाही. "वाळलास रे," किंवा "बरा दिसतोस हो यंदा," असे जे असेल ते म्हणे आणि तिथून पुढे बोलू लागे. फीचे पैसे तिला आठवत नव्हते असे नाही. पण समोर उभा असलेला मुलगा तिला आठवणीहून खरा वाटे. मात्रा बरोबर एक. तिचा स्क्रू कोणी बसवून दिला होता, देव जाणे!

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दादाची नोकरी त्यात गेली ती गेलीच. तो गावी परतला. अण्णा त्याला काही बोलले नाहीत. आईकडे पाहून नुसते "बघ" म्हणाले. दादाने बाजारात पिठाची गिरणी घातली. चार वर्षांनी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. सकाळी उठवून बसवणे, दाढी, आंघोळ, दोन वेळचे भरवणे, रात्री कूस बदलणे. पीठ लागलेल्या हातांनी दादाने हे दोन वर्षे केले. मी मुंबईहून महिन्यातून एकदा जात असे.

आता त्या मात्रेची दुसरी बाजू. एकाहून कमी मात्रा म्हणजे खोटेपणा नव्हे. प्रयोगशाळेत आम्ही ती मुद्दाम कमी करीत असू. पडद्यावर खरखरीचा धुरळा फार असला की मात्रा उतरवायची, म्हणजे यंत्र एखाद्या भटक्या नमुन्याने हुरळून जात नाही आणि रेघ शांत होते. मात्र त्याची एक किंमत मोजावी लागते. ठिपके दाट टाकावे लागतात. विरळ ठिपके आणि कमी मात्रा एकत्र आली तर चढण गोल होते, चित्र सत्यापर्यंत पोहोचायच्या आत पडदा संपतो. तेच ठिपके दाट केले, तर तो हट्टी, सावध खणसुद्धा तंतोतंत खरे चित्र काढतो.

अण्णांचा स्वभाव त्या दोन वर्षांत बदलला असे मला मुळीच वाटत नाही. तेवढेच हट्टी, तेवढेच कमी बोलणारे. बदलली ती ठिपक्यांची दाटी. पूर्वी महिन्याला एक मनिऑर्डर, वर्षाला एक गणपती; आता दिवसाला पाच वेळा दादाचा हात पाठीखाली येत होता. दर खेपेस त्यांची समजूत केसभर सरकत असली पाहिजे. आम्हांला ते दिसत नव्हते.

1988 च्या श्रावणात मी गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणे पैसे अण्णांच्या उशाशी ठेवले. अण्णांनी डावा हात करगोट्याकडे नेला. तिथे लोखंडी पेटीची किल्ली असे. आईलाही ती कधी मिळाली नव्हती. एका हाताने गाठ सुटेना. त्यांनी दादाला खुणेने जवळ बोलावले, त्याच्याकडून गाठ सोडवली आणि अडखळत म्हणाले, "तूच ठेव. नीट राहतील." पैसे ठेवायला दादा आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आई पदराने चष्मा पुसत बसली. त्यानंतर बारा दिवसांनी अण्णा गेले.

बारा दिवस उरले होते, म्हणजे रेघ पडदा संपायच्या आत पोहोचली. थोडक्यात पोहोचली. दादा मुंबईतच राहिला असता आणि महिन्याला एक ठिपका पडत राहिला असता, तर पडद्यावरची जागा पुरली नसती. प्रेम दोघांच्याही ठायी होते. प्रश्न फक्त नमुन्यांच्या संख्येचा होता.

खणाचा स्क्रू मी सहा महिन्यांनी एकदा तपासतो आणि लागला तर अर्धा आटा फिरवतो. माणसांच्या अंगावर तो स्क्रू कुठे असतो ते मला सापडलेले नाही. आईसारखी मात्रा लाखात एखाद्याची. उरलेल्या आपणां सर्वांना एकच उपाय मोकळा आहे: मात्रा वाढत नसेल तर ठिपके वाढवावेत. दिवाळीला लांबलांबची माणसे घरी येतात. प्रत्येकाविषयी आपल्या स्मरणकोशात एक जुना ठिपका असतोच. कोणी उसने बुडवलेले, कोणी लग्नात रुसलेले. एका फराळाच्या ताटावर तो ठिपका हलत नाही. पाहुणा भाऊबीज उरकून पिशवी भरू लागला, तर ती हळूच काढून घ्यावी आणि म्हणावे, आणखी दोन दिवस राहा. चकल्या अजून उरल्या आहेत.