किल्ल्यातलं बारा जणांचं बिऱ्हाड

भिंगारहून नगरला जाताना भुईकोट किल्ला वाटेतच. तो लष्कराच्या ताब्यात, त्यामुळे एरवी आम्हा मुलांना तो खंदकाच्या अलीकडूनच दिसायचा. 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला मात्र तो सगळ्यांसाठी खुला असे. त्या दिवशी सदर बाजारातल्या आमच्या एकत्र घरातली सगळी चुलत-आत्तेभावंडं इस्त्रीचे कपडे घालून वडीलधाऱ्या नानांच्या मागे निघत. ‘धाकट्यांचे हात सोडू नका गं,’ असं आजी दारातून बजावायची.

तटावरून चांदबिबीची लढाई सांगून झाली की नाना आम्हाला नेता कक्षात नेत. 9 ऑगस्ट 1942ला पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इंग्रजांनी इथे ठेवलं होतं. पंडित नेहरूंचा हा नववा आणि सर्वांत लांबलेला तुरुंगवास. 1944च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची सुमारे हजार पानं हाताने लिहिली. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी नाना चप्पल काढायचे. कुणी न सांगता आम्हीही काढायचो.

आज आम्ही भावंडं एकत्र जमलो की प्रत्येकाला त्या वास्तूतलं वेगळं काही आठवतं. ताईला आठवते बाग. पंडितजींनी तिथली खडकाळ, राडारोड्याने भरलेली जमीन स्वतः खणून फुलझाडं लावली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागत. नाना हे सांगत, म्हणून ताईने आमच्या परसात शेवंती लावली. आत्या मात्र मौलाना आझादांच्या आठवणीशी थांबायची. त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम 1943च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात वारल्या. आजारपणाची खबर येत होती, तरी मौलानांनी सरकारपुढे हात पसरला नाही. ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं त्यांनी इथेच लिहिली, त्यातलं एक पत्नीच्या जाण्याविषयी आहे. हे सांगताना आत्याचा आवाज दरवेळी कापायचा. दादाला आठवतात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वर आधारलेल्या, 1988 साली सुरू झालेल्या श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ मालिकेचे रविवार. शेजारपाजारचे सगळे आमच्या टीव्हीसमोर बसत आणि ‘हे पुस्तक आपल्या किल्ल्यातलं’ हे नाना प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत.

मला आठवतात ती नावं. नाना ती पाढ्यासारखी म्हणून घेत: नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. उर्दू, तेलुगू, बंगाली, ओडिया, मराठी बोलणारी, संस्कृत-पालीत रमणारी ही माणसं दोन वर्षांहून अधिक काळ एका अंगणात राहिली. पट्टाभी आणि महताबही इथे लिहीत होते. पंडितजींनी तर आपलं पुस्तक या सहबंदींनाच अर्पण केलं. लिहिणारा हात एकाचा असला, तरी देशाच्या शोधात बाराही जणांच्या गप्पा आणि वाद मिसळले आहेत.

आमच्या घरातही एका छपराखाली तऱ्हेतऱ्हेची माणसं होती, भांडणं होती. ती विकोपाला गेली की नाना म्हणायचे, ‘अरे, किल्ल्यात बारा जण राहिले. आपल्याला का जमू नये?’ पुढे घर वाटलं गेलं, भावंडं पुण्याला, नाशिकला पांगली. तरी वाटणीच्या वेळी कुणी कुणाशी बोलणं तोडलं नाही. ही नानांची शिकवण, आणि ती त्यांनी त्या अंगणातून उचलली होती, याबद्दल आम्हा भावंडांचं एकमत आहे.

म्हणून आता मुलांना घेऊन जायची पाळी आमची. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चं पहिलं प्रकरणच अहमदनगरच्या किल्ल्यावर आहे. जाण्याआधी ते घरात मोठ्याने वाचावं आणि तिथे पोचल्यावर मुलांना बाराही नावं सांगावीत. एकाच नावावर थांबलं, तर त्या वास्तूची गोष्ट अर्धीच सांगितली जाते.