हळूहळूचं व्याकरण

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस,


तुझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांत ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चं ‘मतबल’ फार येतं, म्हणून तू वैतागलीस. लाल रेघ जरूर ओढ, लेखी भाषा मुलांना यायलाच हवी. पण ‘तुमची जीभच वळत नाही’ असं त्यांना कधीही म्हणू नकोस. आपल्या पुंडलिकनगरच्या भाजीवाल्यापासून तुझ्या आजीपर्यंत सगळे ‘नुस्कान’च म्हणतात.

अक्षरांची ही अदलाबदल फार जुनी आहे. 12व्या शतकात हेमचंद्राने प्राकृताच्या व्याकरणात तिची सूत्रंच दिली: महाराष्ट्रचं मरहट्ठ, वाराणसीचं वाणारसी, लघुकचं हलुअ. त्या हलुअमधूनच आपलं ‘हळू’ आलं. म्हणजे ‘हळूहळू’ लिहिताना तू स्वतःच एक उलटापालट झालेला शब्द दोनदा लिहितेस! तिमोर बेटावरच्या दावान भाषेत तर हा रोजचा नियम आहे. ‘फतु’ म्हणजे दगड. मागून विशेषण आलं की त्याचं ‘फाउत’ होतं. तिथे अदलाबदल न करणं ही चूक.

दुसरी गंमत शब्द दोनदा म्हणण्याची. शेजारच्या काकू मुलांना लाडू देताना ‘दोन-दोन घ्या’ म्हणतात. नुसतं ‘दोन घ्या’ म्हटलं तर सगळ्यांत मिळून दोनच, आणि मग भांडण. ‘पडता पडता वाचला’मधला एक ‘पडता’ काढून बघ, वाक्यच उभं राहत नाही.

आणि चहाबिहा, कागदबिगद, लग्नबिग्न! शब्दाचं पहिलं अक्षर स्वरासकट जातं, तिथे ‘बि’ बसतो, पुढचं सगळं जसंच्या तसं. हिंदीत तिथे ‘व’ येतो, चायवाय, कन्नड-तेलुगूत ‘गि’. एवढा पक्का नियम आपल्याला कुठल्या बाईंनी शिकवला? अन्विता अब्बी यांचं दक्षिण आशियाई भाषांमधल्या द्विरुक्तीवरचं पुस्तक (1992) मिळालं तर जरूर वाच.

उद्या फळ्यावर दहा शब्द लिही आणि मुलांना ‘बि’ची जोडी लावायला सांग. ‘बि’ने सुरू होणारे शब्द तेवढे टाळ, तिथे ती अडखळतील. कोणी काय उत्तर दिलं ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा