हिंगाची डबी

त्या किल्लीला हिंगाचा वास होता. अजून आहे. चिंचेनं घासली, दोन उन्हं दाखवली, तरी मुठीत घट्ट धरून मूठ नाकाशी नेली की खडा हिंगाचा तो उग्र, कडवट, घशापर्यंत उतरणारा दरवळ येतोच, आणि त्याच्या मागोमाग वाईचं दोन खणांचं घर येतं, संध्याकाळी कृष्णेवरून येणारा ओलसर वारा येतो, फोडणीवर झाकण ठेवताना पदरानं नाक झाकणारी आत्या येते. तिचं तेरावं झालं, पाहुणे एसटीनं परतले, आणि डबे आवरायला म्हणून मी मागे राहिले. पितळेची ती चपटी डबी उघडायला चमच्याचा दांडा लावावा लागला. वर हिंगाचे खडे, खाली घडी घातलेला मेणकागद, आणि त्यात ही किल्ली. लांबट, जड, डोक्यावर फक्त एक आकडा कोरलेला. कुठल्या कुलपाची, कुठल्या दाराची, कसलीच खूण नाही.

हिंगाच्या डबीत कोणी हात घालत नाही, हे तिला ठाऊक असणार. मुंग्या फिरकत नाहीत, पोरंसोरं तर नाहीतच. जागा किती विचारानं निवडली होती तिनं! आधी कौतुक वाटलं आणि मग, ती किल्ली तळहातावर घेऊन बसले असताना, हळूहळू संकोच वाटू लागला. जिवंतपणी तिच्या ट्रंकेला मी कधी तिला न विचारता हात लावला नव्हता.

आपल्याकडच्या बायकांची तिजोरी एका जागी कधी नव्हतीच. तुरीच्या डाळीत, तांदळात निंबाच्या पाल्याखाली, गौरींच्या मुखवट्यांच्या पेटीत, उशीच्या अभ्र्यात, आणि घराबाहेर पडताना कनवटीला. पुरुषाचा पैसा खिशात असे, वहीत मांडलेला असे, चारचौघांत बोलला जाई. बाईचा पैसा भाजीतून वाचवलेला, भिशीतून आलेला, भावानं भाऊबीजेला ओवाळणीत घातलेला, म्हणजे जो कुणी कधी 'तिचा' म्हटलाच नाही असा. ज्याला नाव नाही त्याला जागा तरी कुठून असणार? म्हणून तो धान्यात शिरे.

लहानपणी सुट्टीत याच घरात रात्री गुप्तधनाच्या गोष्टी चालत. पायाळू माणसाच्या, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याच्या, डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचे हंडे दिसतात. हंड्यावर नाग असतो. तो बहुधा पूर्वजच, जीव धनात अडकल्यामुळे नागाच्या रूपानं राहिलेला. आमच्या आळीतला एक मुलगा पायाळू होता आणि त्याच्याकडे आम्ही भीतीनं आणि असूयेनं बघत असू. वाईजवळच मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा. नाना १८०० साली गेले आणि त्यांच्या दडवलेल्या धनाच्या कथा मागे राहिल्या. त्या धनाचं काय झालं ते दंतकथांनाच माहीत. मेणवलीतून पुढे संशोधकांच्या हाती आलं ते कागदांचं दफ्तर. हिशेब, पत्रं, याद्या. मला आता वाटतं, तोच खरा हंडा. माणूस कशावर किती खर्च करतो, काय राखून ठेवतो, कुणासाठी, हे त्याच्या तोंडून कधी कळत नाही इतकं त्याच्या कागदांतून कळतं.

आत्याचे कागद पंचांगांत होते. दाते पंचांगांची चवड तिनं वर्षवारीनं लावून ठेवली होती, आणि ज्या वर्षी ठेव ठेवली त्या वर्षीच्या पंचांगात त्या ठेवीची पावती, बहुतेक अक्षय्य तृतीयेच्या पानाशी. शके १९०९ च्या पंचांगात एक इंदिरा विकास पत्र निघालं. १९८६ साली पोस्टात ही पत्रं मिळू लागली. पाच वर्षांत दामदुप्पट, आणि वर घेणाऱ्याचं नाव नाही. ज्याच्या हाती असेल त्याचं. हरवलं तर गेलं, दुसरं मिळायचं नाही. त्या बिननावाच्या कागदाकडे मी बराच वेळ बघत राहिले. त्याची मुदत तीस वर्षांपूर्वी संपली होती आणि तिनं तो वटवला नव्हता. विसरली असेल का? दर पाडव्याला नवं पंचांग चवडीवर ठेवणारी, एकादशी न चुकवणारी बाई?

पैशाच्या बाबतीत ती एकदाच माझ्यापुढे उघडी पडली होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, तुळशीच्या लग्नाचे दिवस होते, आणि त्या आठवड्यात किती स्वयंपाकघरांतून किती पुरचुंड्या बाहेर आल्या असतील कोण जाणे. मी वाईला गेले तेव्हा चहा झाल्यावर तिनं दार लोटलं आणि माझ्यापुढे एक रुमाल सोडला. मी नोटा मोजत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "चोरी नाही गं केली मी." पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून स्वतःच्या पगारातून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. त्या नोटांनाही हिंगाचा वास होता. पण तेव्हा मी त्याचा काही विचार केला नाही, रांगेचा विचार करत होते.

किल्लीचं कोडं मात्र सोपं निघालं. पेन्शनच्या पासबुकात दरवर्षी एकदा लॉकरच्या भाड्याची नोंद होती. तीच बँक, तीच शाखा. अवघड होतं ते पुढचं. पंचांगांतल्या दोन पावत्यांवरची नावं दुसऱ्या बँकेत विलीन झालेल्या बँकांची, एक पतसंस्थेची. त्यासाठी चालतच फिरावं लागतं, दारात उभं राहून 'जुनं खातं आहे का बघता का' म्हणून विचारावं लागतं. खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं, दहा वर्षं कुणी विचारलं नाही की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही, वारसानं त्याच बँकेत जाऊन मागायची. अशा बेवारस ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये एक पोर्टल उघडलं, त्याचं नाव 'उद्‌गम'. कुणाला सुचलं असेल ते! आमच्या वाईकरांना उद्‌गम म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ, दगडी गोमुखातून पडणारी धार. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नेहमीच्या. भागीरथी बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी, अशी श्रद्धा. तोवर ती गुप्त. आत्या मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेली तेव्हा मी विचारलं होतं, मग साठ वर्षं ती असते कुठे? ती म्हणाली, "असते की. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

पोर्टल नाव विचारतं, आणि जन्मतारीख किंवा पॅनसारखी एखादी खूण. मी तिचं नाव घातलं, काही आलं नाही. तेव्हा लक्षात आलं, तिचं नाव कुठलं?

१९५७ साली तिचं लग्न झालं तेव्हा रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं. तीन अक्षरी नावाचं दोन अक्षरी झालं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. तांदळावरचं अक्षर ताट उचललं की मोडतं, पण ते नाव राहिलं. अकरा महिन्यांनी नवरा विषमज्वरानं गेला, ती माहेरी परतली, तरी पगारपत्रकावर, पेन्शनवर, मतदार यादीत ते राहिलं. घरात मात्र तिला त्या नावानं कधी कोणी हाक मारली नाही. माझ्या लग्नात मी नाव बदललं नाही, तेव्हा मोठ्यांची थोडी कुजबुज झाली. आत्या काही बोलली नाही, माझ्या ओटीत नारळ घालताना फक्त माझं नाव पूर्ण उच्चारलं, आडनावासकट, शाळेत हजेरी घ्यावी तसं.

मी तिचं माहेरचं नाव घातलं, आणि एका बँकेचं नाव पडद्यावर आलं.

लग्नाआधी ती व्हर्नाक्युलर फायनल झाली होती; शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा. त्याच्याच आधारे, १९६९ नंतर बँका लहान गावांतून दिसू लागल्या त्या काळात, तिनं हे खातं उघडलं असावं. रक्कम मोठी नव्हती. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं मी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञेवर लिहून दिलं, आणि सही करताना हात थबकला. एकच होती का ती?

कायद्याचं म्हणणं मला वकिलांकडून कळलं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, कलम १५. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःची मिळकत आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा होऊन माहेरी आलेल्या, शिकून नोकरी केलेल्या एका बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २००९ साली निकाल सासरच्या बाजूनं लागला. मला तो वाचून रात्री झोप आली नाही. ज्या घरात ती अकरा महिने राहिली त्या घराकडे साठ वर्षांच्या कष्टांचा ओघ उलटा वाहणार होता.

मग मी तिच्या दिरांना भेटायला गेले. पंचाहत्तरी ओलांडलेले, ओसरीवर बाजेवर बसलेले. मी सांगायला लागले तर ते आमच्या आत्याचं ते दोन अक्षरी नाव घेऊन, पुढे वहिनी लावून बोलू लागले आणि क्षणभर मला कळेना, हे कुणाविषयी बोलतायत. "मी दहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पावकी, निमकी, पाऊणकी तिनंच शिकवली मला. अजून येते." आणि खरंच म्हणू लागले, डोळे मिटून, मध्येच अडखळत. मला वाटलं, हिच्या आयुष्यातले ते अकरा महिने आपण सगळ्यांनी मिळून पुसून टाकले होते, आणि ते इथे, एका म्हाताऱ्याच्या तोंडी, जपून राहिले होते. हक्क सोडल्याच्या कागदावर सही करताना ते म्हणाले, "तिचं तिकडंच असू द्या, पोरी."

लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. आधी बँकेची फिरते, मग आपली. नामांकन माझ्या नावे होतं, मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. दोन साक्षीदार उभे राहिले, अधिकारी बाईंनी यादी लिहायला घेतली: पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन. पिवळ्या धातूची बोरमाळ, एक. सोनं म्हणून लिहीत नाहीत, पारख त्यांची नसते. मग खणाच्या कापडाची एक पिशवी निघाली, तोंडाशी नाडी ओढलेली, आणि खाकी कव्हराची एक वही. बाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. नक्षीदार कडांची दहा पैशांची हलकी नाणी, पाव रुपये, अधेल्या. ३० जून २०११ पासून पाव रुपया आणि त्याखालची नाणी चलनातूनच गेली आहेत. "याचं काय लिहू?" त्यांनी विचारलं.

वहीवर आत्याच्या वळणदार अक्षरात 'संचयिका, इयत्ता चौथी' असं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळांतून मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून ही योजना चाले. आठवड्याला दहा पैसे, चार आणे, बाईंकडे जमा. नाव, जमा, शिल्लक. ज्या मुली वर्षाच्या मध्येच शाळेतून काढल्या गेल्या, बदलीवर गेल्या, शेतावर गेल्या, त्यांचे पैसे तिनं वेगळे काढून ठेवले होते. आणि प्रत्येक नावापुढे, नंतर कधीतरी, निरनिराळ्या शाईंत, लाल पेन्सिलीत, बॉलपेननं, ती जे समजेल ते भरत गेली होती: लग्न झाले, नाव आता अमुक, गाव पाचवड. आईकडून कळले, मुंबईस असते. त्यातल्या कित्येक नावांवर रेघ होती आणि पुढे एकच शब्द: पोचले.

अकरा नावांपुढे तो शब्द नाही. मी ती वही घरी आणली. नाणी चालणार नाहीत, तरी तीच द्यायची असं ठरवलं आहे, वर आजचे पैसे ठेवून. मुलींची नावं सगळी माहेरची, त्यामुळे विचारताना अंदाजानं विचारावं लागतं, म्हाताऱ्या बायकांना, देवळाच्या पायऱ्यांवर, दळणाच्या गिरणीत. परवा पहिली सापडली. तीन रुपये पंचवीस पैसे, वडिलांनी शाळेतून काढली, असा शेरा. वाईच्या मंडईत भाजी विकते, छप्पन्न-सत्तावन्नची असेल. गर्दी होती, मी थोडी बाजूला उभी राहिले, मग जवळ जाऊन वहीतल्याप्रमाणे तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मेथीची जुडी हातात तशीच धरून ती थांबली.